मृगाच्या आधी ये

देवगड, २० मे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले, पण काढणीच्या धांदलीत पडवीत निवांत बसायला आजच मिळालं. परदेशात जाऊन पीएचडी करू का, वय निघून गेलं का, असं विचारलंस. वयाचं मनातून काढून टाक. सहा वर्षं कारखान्यात मोजमापाचे ट्रान्समीटर कॅलिब्रेट करून, म्हणजे अचूक मापाशी जुळवून, हाताला जे वळण लागलंय, ते तिथे फार उपयोगी पडतं.

देश आधी निवडू नकोस, प्रश्न निवड. मी उलटं केलं. जर्मनीतल्या चाळीसेक प्राध्यापकांना एकच मेल पाठवला, एकाचंही उत्तर नाही. मग एके दिवशी साक्याबद्दल लिहिलं. वरून सोन्यासारखा हापूस, कापला की कोयीभोवती पांढरट, आंबूस गर. न कापता हे कळेल का? तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

तिथे इंजिनियरिंगची पीएचडी म्हणजे बहुतेकदा नोकरीच असते. प्रकल्पावर करार, दरमहा पगार, शिकवणी फी नाही. चार-पाच वर्षं धरून चाल. विद्यार्थी व्हिसावर जाणार असशील तर एपीएस प्रमाणपत्राचं, म्हणजे आपल्या पदव्या जर्मनांकडून तपासून घेण्याचं, काम आधी हातात घे.

पहिल्या वर्षी माझा पहिला आलेख सरांनी परत केला. म्हणाले, आकड्यापुढे अनिश्चितता, म्हणजे माप किती इकडेतिकडे असू शकतं ते, कुठे आहे? त्या आठवड्यात मी खचलो होतो. पण आज वाटतं, तिथे जाऊन हीच एक गोष्ट शिकलो असतो तरी पुरे झालं असतं. मी शिकलो त्या ब्राउनश्वाइग शहरातच जर्मनीची राष्ट्रीय मापन संस्था आहे, पीटीबी. तिची मूळ संस्था १८८७ ची, बर्लिनची; हेल्महोल्ट्झ तिचे पहिले अध्यक्ष. आजची तारीख बघ, १८७५ साली याच दिवशी पॅरिसला देशादेशांत मापं एकसारखी ठेवण्याचा मीटर करार झाला, आणि २०१९ मध्ये याच तारखेपासून किलोग्रॅम धातूच्या ठोकळ्यावरून प्लँक स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, आला. त्या गावात राहून हे सगळं वाचताना अंगावर काटा यायचा.

आता आंब्याचं सांगतो. जवळच्या अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या लगत पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी सालीखालचा गर चांगला वाचता येतो, पण साका बहुधा कोयीपाशी सुरू होतो आणि तिथपर्यंत पोचून परतणारा प्रकाश फारच थोडा असतो. त्यात गरातलं पाणी जो प्रकाश शोषतं त्याचा पट्टा तापमानाबरोबर सरकतो. प्रयोगशाळेत २० अंशांवर बसवलेलं माझं गणित इथे पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्याच दुपारी कोलमडलं. बाबा शेजारी उभे होते. म्हणाले, "थंडीत शिकलेलो काटो हयल्या उन्हात काय सांगतलो?" माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं आहे. बाबा स्वतः आंबा पाण्याच्या बादलीत सोडतात, बुडाला तर तयार, तरंगला तर कोवळा. विशिष्ट गुरुत्वाची ही चाचणी त्यांना त्यांच्या आजोबांनी शिकवली.

म्हणून तुलाही सांगतो, तुझ्या हाताखालून रोज जाणारा, तुला झोप न येऊ देणारा एखादा प्रश्न दोन पानांत लिही. यादीतली मोठी नावं नंतर बघू. मसुदा घेऊन इकडेच ये, पण मृगाच्या आधी. अढीत शेवटचे साठ आंबे माझ्या प्रयोगासाठी राखून ठेवलेत. मी यंत्र लावीन, बाबा हातात घेऊन सांगतील, आणि कुठल्यात साका निघेल ते कापण्याआधी वहीत तू लिहायचंस.

आई तुझी वाट बघतेय.

तुझाच मित्र