बसवल्याशिवाय दोष कळत नाही, बसवला की परत घेत नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅकसाठी विकलेला सदोष लाइटवेट फ्लायव्हील. किंमत आणि मजुरी परत मिळण्याबाबत.

महोदय,

तुमच्या 'टेक्निकल टीम'चा फोन आत्ताच ठेवला. यापुढे फोन नाही, जे काय ते लेखी.

फ्लायव्हील, म्हणजे इंजिनच्या क्रँकला (फिरत्या मुख्य दांड्याला) लावलेलं जड चाक, हलका केला की काय होतं, हे कृपया मला समजावू नका. तुमचा प्रत्येक माणूस तिथूनच सुरुवात करतो. आयडलिंग थोडं खडबडीत होणार, न्यूट्रलला गिअरबॉक्स किणकिणणार, आमच्या नागपुरातल्या रामझुला उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत क्लच जपून सोडला नाही तर इंजिन बंद पडणार. हे सगळं धरूनच घेतला. त्याने इंजिनची ताकद वाढत नाही, आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) फक्त लवकर चढतो आणि लवकर उतरतो, हेही माहीत होतं. खोक्यावर तुम्ही 'पॉवर वाढवा' छापलंय, ते हसून सोडून दिलं होतं.

माझी तक्रार थरथरीची आहे. अडीच हजार आरपीएमला ती सुरू होते आणि तीन हजारला गिअरचा दांडा हातात नाचतो. वर्धा रोडवर जरा वेग घेतला की आरशात मागची गाडी कोणती ते ओळखू येत नाही. शिवाय पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी हिसके देते. म्हणून गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, म्हणजे पुन्हा तेवढीच मजुरी. क्रँकच्या फ्लँजवर, म्हणजे फ्लायव्हील जिथे बसतो त्या तोंडावर, डायल गेज (फिरताना किती डगमगतं ते दाखवणारा काटा) लावला, तर काटा जेमतेम हलला. तुमच्या फ्लायव्हीलच्या तोंडावर लावला, तर 0.4 मिलिमीटर डगमग. याची मर्यादा साधारण 0.1 ते 0.2 च्या आसपास असते, हे तुमच्या कारखान्यात कुणाला तरी ठाऊक असेलच. मग बॅलन्सिंगवाल्याकडे नेला. केंद्रापासून 12 सेंटिमीटरवर एका बाजूला 10 ग्रॅम जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 6000 आरपीएमला तेवढ्याने क्रँकवर सुमारे 48 किलोची ओढ बसते, आणि ती प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. बेअरिंगचं काय होणार ते तुम्हीच सांगा.

आमच्या मिस्त्रीने फ्लायव्हील उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, हे तं बॅलन्सच नाही केलं वाट्टे. एकही ड्रिल मारेल नाही." म्हणजे जड बाजूचं वजन कमी करायला पाडतात तसं एकही भोक नाही. मग जुना फ्लायव्हील बसवला. तीच क्लच प्लेट, तीच प्रेशर प्लेट. दोन्ही वेळी नवे बोल्ट, दोन्ही वेळी बोल्ट टॉर्क रेंचने मोजून आवळलेले. थरथर गेली. याहून साधा पुरावा मला तरी सुचत नाही.

आता आजचा फोन. ज्यांना 'सीनियर' म्हणून जोडून दिलं, त्यांनी मोजमाप ऐकूनच घेतलं नाही.

"सर, गाडी कुठे चालवता?"

"नागपुरात."

"अच्छा, मग तेच."

"तेच म्हणजे काय?"

"नागपूरला टेम्परेचर फार असतं ना सर. मेटल एक्स्पांड होतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळनंतर चालवून बघा."

साहेब, क्लच घसरतो तेव्हा फ्लायव्हीलचं तोंड दोनशे अंशांच्या पुढे सहज जातं. त्याला आमच्या मे महिन्यातल्या 45 अंशांचं काय कौतुक? आणि तापलं म्हणून लोखंड सगळ्या बाजूंनी सारखंच फुगतं, एका कडेला 10 ग्रॅम वाढत नाही. हे मी शांतपणे सांगितलं, म्हणजे बऱ्यापैकी शांतपणे. त्यावर उत्तर आलं: "पण पुण्या-मुंबईकडून अशी कम्प्लेंट नाही आली सर." मग बराच वेळ होल्डवरची बासरी. शेवटी, "थंडीत पुन्हा ट्राय करा, तोपर्यंत मी टिकेट क्लोज करतो." फोन ठेवत नाही तोच मेसेज आला: तुमची समस्या सोडवण्यात आली आहे, कृपया रेटिंग द्या. दिलंय. बघून घ्या.

राहिलं तुमचं परतीचं धोरण. 'बसवलेला पार्ट परत घेतला जात नाही.' फ्लायव्हील बॅलन्स आहे की नाही, हे गिऱ्हाइकाला इंजिन फिरल्यावरच कळणार, आणि इंजिन फिरलं की तुमची जबाबदारी संपली. मग वॉरंटी नेमकी कशाची देता, खोक्याची? वाईट याचं वाटतं की याआधी तुमचीच क्लच प्लेट वापरली होती, उत्तम चालली, म्हणूनच हा घेताना दुसरीकडे चौकशीसुद्धा केली नाही. चार मित्रांनाही तुमचंच नाव सांगितलं होतं. त्यांना आता डायल गेजचे फोटो पाठवलेत.

मला बदली पार्ट नको. फ्लायव्हीलची किंमत, गिअरबॉक्स दोनदा उतरवल्याची मजुरी आणि बॅलन्सिंगचा खर्च, सगळ्याची बिलं जोडली आहेत. पार्ट तुमच्या खर्चाने घेऊन जा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार मी नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करणार. त्यासाठी तुमच्या शहरात यावं लागत नाही, ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते. सदोष वस्तूसाठी उत्पादकावर दावा करण्याची सोयही त्याच कायद्यात आहे. तुमच्या सीनियर साहेबांना सुनावणीला जरूर पाठवा. तारीख मे महिन्यातली पडली, तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळनंतर निघायला सांगा.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
नागपूर

सोबत: बिलं, डायल गेजचे फोटो, बॅलन्सिंगची चिठ्ठी