क्ष नेहमीच ‘चल’ नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नववीतल्या नातीला परवा बीजगणित शिकवत होतो. तिने मध्येच विचारलं, “आजोबा, चल म्हणजे बदलणारा ना? मग ३क्ष + ५ = २० मध्ये क्ष पाच निघाला. आता तो कुठे बदलतोय?” मी शाळेत गणित शिकवण्यात उमर घालवली, पण या प्रश्नाला ‘आधी गणित सोडव’ एवढंच उत्तर देत आलो. त्या रात्री त्याची लाज वाटली, म्हणून हे पत्र.

आपण एकाच ‘चल’ या शब्दावर तीन वेगवेगळी कामं लादली आहेत. पेट्रोलचे लिटर बदलले की रक्कम बदलते, तिथला क्ष खरोखर चल आहे. समीकरणातला क्ष मात्र जागचा हलत नाही, तो फक्त आपल्याला माहीत नसतो. या दुसऱ्यासाठी आपल्याकडे ‘अव्यक्त’ हा नेमका शब्द होता. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणिता’त अव्यक्त राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी नावं आहेत, आणि लिहिताना त्यांची नुसती आद्याक्षरं घेतात: या, का, नी, पी. यावत्तावत् म्हणजे ‘जितकं असेल तितकं’. अज्ञात संख्येचं याहून सरळ वर्णन मला तरी माहीत नाही. अक्षरमालेतली शेवटची अक्षरं अज्ञातांना आणि सुरुवातीची ज्ञात राशींना, ही आज जगभर चालणारी रीत फ्रान्सच्या देकार्तने १६३७ मध्ये रूढ केली.

तिसरा क्ष बहुपदीतला, आणि खरी गफलत इथेच होते. क्ष² + क्ष ही बहुपदी आहे, म्हणजे क्ष च्या घातांना आकड्यांनी गुणून केलेली बेरीज. इथे ‘बरोबर’चं चिन्ह नाही, काही शोधायचं नाही, काही बदलतही नाही. क्ष इथे निव्वळ चिन्ह आहे, कोणता सहगुणक (म्हणजे घाताला गुणणारा आकडा) कोणत्या घाताचा हे सांगणारं. नववीच्या पुस्तकात हे नकळत शिकवलेलंही आहे. बहुपदीचं ‘सहगुणक रूप’ लिहिताना क्ष गाळून (१, १, ०) एवढेच आकडे ठेवतात, आणि संश्लेषक भागाकारात, म्हणजे नुसते सहगुणक मांडून बहुपदी भागण्याच्या रीतीत, तर क्ष फिरकतही नाही. पण याचा अर्थ काय, हे वर्गात कोणी सांगत नाही. मीही सांगितला नव्हता.

‘चिन्ह म्हणा की चल, फरक काय पडतो?’ असं कोणी विचारील. क्ष² + क्ष मध्ये कोणतीही पूर्ण संख्या घालून बघा. ३ घातले तर १२, ४ घातले तर २०, ७ घातले तर ५६. उत्तर कायम सम. आता फक्त सम-विषमाचा हिशेब ठेवू: सम म्हणजे ०, विषम म्हणजे १, आणि विषम अधिक विषम सम, म्हणून १ + १ = ०. या छोट्या जगात क्ष च्या जागी ० ठेवा नाहीतर १ ठेवा, क्ष² + क्ष ची किंमत शून्यच येते. म्हणून ती शून्य बहुपदी, म्हणजे जिचे सगळे सहगुणक शून्य अशी, झाली का? नाही. तिचे सहगुणक १, १, ० आहेत, कोटी म्हणजे सर्वांत मोठा घात २ आहे. क्ष ला फक्त ‘किंमत घेणारा’ मानलं तर या दोन गोष्टी एकच दिसतात. चिन्ह मानलं तर वेगळ्या राहतात. आपल्या नेहमीच्या संख्यांत असा प्रसंग येतच नाही, तिथे सगळ्या किमती शून्य आल्या तर बहुपदीही शून्यच असते. म्हणून शाळेत कोणाचं अडत नाही, आणि मूल पुढे महाविद्यालयात गेलं की एकदम ठेचकाळतं.

इथे ‘आपल्याकडे सगळंच होतं’ असा सूर मला लावायचा नाही. भास्कराचार्यांचा ‘या’ म्हणजे अव्यक्त संख्याच, बहुपदीतला चिन्हमात्र क्ष ही पुष्कळ नंतरची समज. पण निदान समीकरणाच्या धड्यात ‘अव्यक्त’ हा शब्द परत आणायला काय हरकत आहे? बहुपदीच्या धड्यात एक परिच्छेद पुरेल: इथे क्ष ला किंमत नाही, द्यायची असेल तेव्हा आपण देऊ. पाठ्यपुस्तक मंडळातल्या जाणकारांनी याचा विचार करावा.

नातीला सम-विषमाचं उदाहरण आवडलं. मग तिने विचारलं, “परीक्षेत काय लिहू?” चलच लिही, असं मला सांगावं लागलं.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, चाळीसगाव