सिरिंज बर्फावर ठेवू नका

मा. संपादक,

मुलांच्या दीर्घकालीन संधिवातावरची अडालिमुमॅबसारखी बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेली) इंजेक्शने कोकणातले पालक मुंबईहून रात्रीच्या गाडीने आणतात, आणि घात बहुतेक वाटेतच होतो. काळजीपोटी सिरिंज थेट बर्फावर ठेवली जाते. हे औषध म्हणजे प्रथिन. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवे; एकदा गोठले की वितळून स्वच्छ दिसले तरी फेकूनच द्यावे लागते. आइसपॅक आणि औषधाचे खोके यांच्या मध्ये जाड टॉवेल घाला. घरी फ्रिजचा मधला कप्पा, मागच्या भिंतीपासून लांब, दारात नको. वादळात वीज गेली तर फ्रिज उघडूच नका. काही कंपन्यांचे औषध २५ अंशांपर्यंत १४ दिवस चालते, पण आपल्याकडे मे महिन्यात घरात २५ अंश कुठले? टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढावे, कमी झोंबते.

सुरुवातीची क्षयरोग तपासणी कधीही टाळू नये. दबलेला क्षय या औषधांनी उसळतो. ताप आला तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका असतो, ताप अंगावर काढू नये. सांधे बरे वाटले तरी डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी (नेत्रतज्ज्ञ प्रकाशझोत आणि भिंगाच्या यंत्राने करतात ती) चालू ठेवा, कारण या आजारातला डोळ्याचा दाह अनेकदा दुखत नाही की लालही होत नाही.

ग्रामीण रुग्णालयांनी जनरेटरवर चालणाऱ्या औषधांच्या फ्रिजमध्ये (लसींच्या नव्हे) या मुलांच्या दोन सिरिंजपुरती जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक बालरोगतज्ज्ञ, कणकवली