कूलर बंद करणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुम्हाला मी आठवणार नाही, रोज किती जण येत असतील तुमच्याकडे. मागच्या मे महिन्यात, ऐन दुपारी, मी सरकारी दवाखान्यातल्या तुमच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या विभागात, आलो होतो, तोंडाला दुपट्टा बांधूनच, उन्हासाठी नाही, कोणी ओळखू नये म्हणून. कूलरची घरघर इतकी होती की मी काय पुटपुटतोय ते तुम्हाला ऐकू येईना, आणि तेच मोठ्याने बोलायची माझी हिंमत होईना कारण दाराबाहेर बाकड्यावर लोक बसले होते. तुम्ही उठलात आणि कूलर बंद केलात. नागपूरच्या मे महिन्यात. म्हणालात, आता हळू बोला दादा, काही घाई नाही. मग पाऊण तास तुम्ही घाम पुसत माझं ऐकत होतात. हे पत्र खरं तर तेवढ्यासाठीच आहे, बाकीचं ओघाने येईल.

माझ्या मैत्रिणीला टाइप २ चा जेनायटल हर्पिस आहे, म्हणजे खालच्या जागी फोड आणणारा व्हायरस. आमच्यात काही व्हायच्या आधीच तिने मला फुटाळा तलावावर बसून स्वतःहून सांगितलं होतं, आवाज कापत होता तिचा. मी 'काही प्रॉब्लेम नाही' म्हटलं, घरी गेलो आणि रात्रभर मोबाइलवर फोटो बघत बसलो. मराठीत शोधलं तर सगळीकडे नागीण. रूममेटला अर्धवट सांगितलं तर तो म्हणे नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस खलास, सोड बे तिला, काहून रिस्क घेतो. ते नागीणवालं हर्पिस झोस्टर, कांजिण्यांचा व्हायरस, एकाच खानदानातला पण वेगळा, आणि तोंडं जुळून मरण्याची गोष्ट तर खोटीच, हे मला तुमच्याकडे कळलं.

पण त्याच्या आधी मी जे केलं ते तुम्हालाच पहिल्यांदा सांगितलं होतं. आम्ही एका प्लेटमध्ये तर्री पोहे खायचो, दोन चमचे एक प्लेट. त्या आठवड्यात मी म्हटलं मला भूक आहे, वेगळी प्लेट घेतो. ती काही बोलली नाही. पुढच्या वेळी तिने स्वतःच दोन प्लेट सांगितल्या, आणि पाण्याची बाटली पण स्वतःची वेगळी आणली होती. ताई, तुम्ही हे ऐकून मला रागावला नाहीत. एवढंच म्हणालात की तिचा आजार चमच्याने, टॉवेलने, संडासच्या सीटने लागत नाही, शरीराबाहेर तो व्हायरस फार तग धरत नाही, कातडीला कातडी लागून पसरतो, आणि तिला तुमचं वागणं कळलेलं आहे, आज घरी जाऊन ते नीट करा.

मग तुम्ही विचारलं, लहानपणी तापानंतर ओठावर फोड यायचे का? यायचे ना, दर थंडीत, आई म्हणायची ताप फुटला. म्हणालात, तोही हर्पिसच, बहुतेक टाइप १, जगात ५० वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त लोकांना आहे, आणि ओठावर फोड असताना तुम्ही तोंडाने काही केलंत तर तिला खाली तो तुमच्याकडून लागू शकतो. मी गप्पच झालो. दोन आठवडे मी तिच्याकडे ज्या नजरेने बघत होतो ना, तीच नजर माझ्यावर पण लागू होते हे डोक्यात आलंच नव्हतं.

माझा रिपोर्ट पण दाखवला होता तुम्हाला. घाबरून एका लॅबचं रक्ततपासणीचं पॅकेज करून आलो होतो, त्यात हर्पिसची आयजीएम नावाची टेस्ट पॉझिटिव्ह, तिथे कोणी समजावून सांगितलं नाही आणि मी धरून चाललो की झालं मला. तुम्ही सांगितलं आयजीएमवर यात भरवसा ठेवत नाहीत, ती टाइप १ आणि २ मधला फरक पण नीट सांगत नाही, करायचीच तर आयजीजी नावाची दुसरी रक्ताची टेस्ट, टाइपनुसार, आणि संबंधानंतर तीनेक महिने थांबून. आमच्यात तर तोपर्यंत काही झालंच नव्हतं! एका प्रायव्हेट डॉक्टरने तर मान वर न करता सांगितलं होतं की अशा मुलीशी लग्नच कशाला करता.

बाकी सगळे दोनच गोष्टी सांगत होते, एक तर सोड, नाहीतर काही होत नाही रे. तुम्ही म्हणालात, धोका शून्य होणार नाही. फोड नसताना पण काही दिवस व्हायरस कातडीवर येतो, तिला कळत पण नाही. कंडोमने बराच कमी होतो पण पूर्ण नाही, कारण कंडोम सगळी कातडी झाकत नाही. झिणझिण्या, खाज, जळजळ सुरू झाली की तिथून कातडी पूर्ण भरेपर्यंत काहीच नाही. आणि मग स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलंत तिच्या रोजच्या गोळीसाठी. तो २००४ सालचा अभ्यास पण त्यांनीच सांगितला, १४८४ जोडपी, एकाला टाइप २ आणि दुसऱ्याला नाही, ज्या टाइप २ वाल्यांनी आठ महिने रोज व्हॅलासायक्लोविर ५०० मिलिग्राम घेतली त्यांच्या जोडीदारांपैकी १.९ टक्क्यांना लागण झाली, ज्यांना नुसती औषध नसलेली गोळी दिली त्यांच्यात ३.६ टक्के. मला त्या आकड्याने खूप धीर आला, कारण माझ्या डोक्यातला आकडा शंभर होता.

आणि निघताना तुम्ही जे बोललात ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. 'तुम्हाला शून्यच पाहिजे असेल तर तो तुमचा हक्क आहे, पण मग या आठवड्यात तिला सांगा, वर्षभर लटकवू नका.' मी त्या आठवड्यात तिला सांगितलं की मला भीती वाटते आणि मी तिच्यासोबतच राहणार आहे, दोन्ही एकदमच. ती खूप रडली, मी पण. नंतर तिला घेऊन तुमच्याकडे आलो होतो, तुम्ही तिला आधी पाणी दिलंत, मग मुलंबाळं होण्याबद्दल विचारू दिलंत, तिला वाटायचं तिला मूल होणारच नाही. तसं काही नसतं, आधीपासून असलेल्या बाईच्या बाळाला धोका फार कमी असतो, फक्त डॉक्टरला सुरुवातीलाच सांगायचं, हे ऐकून बाहेर आल्यावर ती मेडिकल चौकापर्यंत काहीच बोलली नाही, नुसता माझा हात धरून चालत होती.

मागच्या महिन्यात माझी आयजीजी टेस्ट झाली, टाइप २ निगेटिव्ह. पुढे कधी होणारच नाही असं मी समजत नाही. रोज रात्री नऊला तिच्या गोळीचा अलार्म माझ्या फोनमध्ये वाजतो.

परवा संत्रा बर्फीचा डबा घेऊन आलो तर तुमच्या खुर्चीवर दुसऱ्या मॅडम होत्या, तुमची बदली कुठे झाली ते कोणाला नीट सांगता आलं नाही. बर्फी त्यांना आणि बाहेरच्या मावशींना दिली. तिला विचारूनच हे सगळं लिहिलंय, तिनेच दोन जागी दुरुस्त केलंय. दिवाळीनंतर आमचा साखरपुडा आहे ताई, हे वाचलंत तर नक्की या, तुमची एक प्लेट आम्ही वाढून ठेवू.