आप्पांचं पत्र: मेडलचं झालं, आता खोकल्याचं सांग

विकी,

काल रेकॉर्ड ऑफिसचं रजिस्टर टपाल आलं. मी गोठ्यात होतो, सही तुझ्या आईने केली, पाकीट तिनेच फोडलं आणि वर सैन्याचा शिक्का, आत सगळं इंग्रजी, तिला वाटलं तुझंच काहीतरी आलं. मला हाक मारायला तोंडातून आवाज निघेना तिच्या. वाचून सांगितलं तेव्हा कुठं पायरीवर बसली. तर यापुढं पलटणीकडून काही टपाल यायचं असलं तर आधी फोन करून सांगत जा बाबा.

टपाल माझ्या मेडलचं होतं. सियाचिन ग्लेशियर मेडलची नोंद शीट रोलला, म्हणजे माझ्या नोकरीच्या रेकॉर्डला, घेतली म्हणून लिहिलंय. केस तूच सुरू केलीस म्हणून तुलाच पहिलं कळवतोय, अजून तात्यांनाही बोललो नाही. सविस्तर लिहितो पण त्याआधी एक, परवा फोनवर तू खोकत होतास. बोलता बोलता थांबलास, तोंड बाजूला केलंस आणि मग म्हणालास काही नाही, धूळ. तिथं कसली धूळ असते ते मला माहिती आहे. बरं ते नंतर.

सुट्टीत आपलं जे वाजलं ते मी विसरलोय, तूही विसर. तू ट्रंक काढून मेडलची फ्रेम करायला बसलास, नऊ वर्षांचं, वीस वर्षांचं, ५० व्या स्वातंत्र्यदिनाचं, ऑप पराक्रमचं, हाय अल्टिट्यूडचं, सगळी ओळीने मांडलीस आणि विचारलंस ग्लेशियरचं कुठाय. मी म्हटलं राहू दे, त्याला पैसा एक मिळत नाही, पेन्शन वाढत नाही, म्हातारपणी कशाला ऑफिसं झिजवायची. तर तू म्हणालास, मग पायाची बोटं कुठं गेली ते तरी कुठं लिहिलंय का आप्पा. मी ताटावरून उठलो. तुझ्या आईने मला चार दिवस ऐकवलं.

हे राहिलं कसं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. मी तेव्हा दुसऱ्या पलटणीला अटॅच होतो. टेन्युअर संपत आलेला आणि शेवटी शेवटी पायाची बोटं थंडीने गेली, चीता हेलिकॉप्टरने खाली आणलं, तिथून पुढं चंदीगडकडं मोठ्या दवाखान्यात. माझी गडी माणसं खाली उतरली, नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, बनली, आणि मी कॉटवर. बरा झालो तर मेडिकल कॅटेगरी लो, सेंटरला पोस्टिंग. ज्यांच्याकडं अटॅच होतो त्यांना वाटलं नाव आमचे लोक टाकतील, आमच्यांना वाटलं त्यांनी टाकलं असेल. कुणाचं वैर नव्हतं. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा हुकूम, निघाली त्यात मी नाही, ऑर्डरला नाही म्हणून शीट रोलला नाही, शीट रोलला नाही म्हणून डिस्चार्ज बुकात नाही. आणि बुकात नाही ते छातीवर लावायचं नाही, मग बाजारात कितीही विकत मिळू दे. १५ ऑगस्टला शाळेत झेंड्याला जातो तेव्हा खालच्या आळीचे सुभेदार दरवर्षी विचारायचे, हवालदार तुमचं ते बर्फाचं कुठाय. मी म्हणायचो धुवायला टाकलंय.

तुझा अर्ज जिल्हा सैनिक कल्याणमार्फत गेला त्याचं पहिलं उत्तर आलं की पार्ट टू ऑर्डर सापडत नाही, पुरावा द्या. तुला मी तेवढंच सांगितलं होतं. मग एका रात्री लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात ट्रंक पूर्ण उपसली आणि एलआयसीच्या कागदांखाली इंज्युरी रिपोर्टची कॉपी निघाली. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. पण त्यात पोस्टचं नाव, तारीख, कशाने झालं, डाव्या पायाची दोन बोटं, सगळं. ते पहिल्यांदा लिहिलं कुणी माहितीय, पोस्टवरच्या नर्सिंग असिस्टंटने, तुझ्यापेक्षा लहान पोरगं, टॉर्च तोंडात धरून, पेनाची शाई गोठली म्हणून पेन्सिलीने. मी म्हणत होतो अरे आधी रम दे, मग लिही. तो म्हणाला उस्ताद आज लिहिलं नाही तर उद्या तुम्ही म्हणाल काही झालंच नव्हतं. त्याचा कागद बेसवर पोचला, डॉक्टर साहेबांनी त्यावरून रिपोर्ट बनवला, आणि एवढ्या वर्षांनी मेडल त्यावर निघालं. माझ्यासोबत दोरीला बांधून चालणारे सगळे साक्षीला उभे राहिले असते तरी त्या एका कागदाएवढं काम झालं नसतं.

म्हणून विकी, खोकला असेल तर एमआय रूमला, पलटणीच्या दवाखान्यात, जा आणि रजिस्टरला नाव चढव. सिनियरला तोंडी सांगितलं म्हणजे सांगितलं असं धरू नको. हेपो, तो उंचीवर फुफ्फुसात पाणी भरणारा आजार, सर्दीसारखाच सुरू होतो, कोरडा खोकला, चढाला दम, मग आडवं झालं की जास्त दम, आणि गड्याला वाटतं थकलोय. सुट्टीवरून परत गेलेल्याला तो जास्त धरतो कारण त्याला वाटतं मी तर जुना आहे, मला कशाला परत अॅक्लिमटायझेशन, उंचीची सवय करायचे दिवस. तू आताच सुट्टीवरून गेलास. दिवस पूर्ण केलेस ना? वाढला तर खाली उतरणं हाच इलाज, ऑक्सिजन आणि ती फुगवायची बॅग नुसती हेलिकॉप्टर येईपर्यंत वेळ काढायला. आणि हेलिकॉप्टर हवामान बघून येतं, तुझ्याकडं बघून नाही.

तुला हे सगळं शिकवलंय बॅटल स्कूलला, माझ्यापेक्षा जास्तच शिकवलंय, तुमचे बूट वेगळे, तंबू वेगळे, मला कळतं. शाळा घेतली, माफ कर. आमच्या टायमाला वरून गोळेही यायचे, २००३ च्या नोव्हेंबरपासून ते बंद आहे, तेवढी काळजी तरी तुझ्या आईला नाही असं मीच तिला सांगतो. पण आमच्याही टायमाला जास्त माणसं नेली ती थंडीने आणि बर्फानेच. ते तिला सांगत नाही.

रॉकेलच्या धुराने सगळ्यांची थुंकी काळी असायची, त्यामुळं कुणाचा खोकला कशाचा हे ओळखूच यायचं नाही. एकदा लिंक पेट्रोलला, दोन पोस्टमधल्या गस्तीला, कराडकडचा एक नाईक माझ्या पुढं होता, पाऊल टाकलं आणि बर्फाच्या भेगेत गडप, दोरीला हिसका बसला तसे आम्ही सगळे कुऱ्हाडी रोवून आडवे. बराच वेळ लागला ओढायला. वर आला, दाढीला बर्फ, आणि पहिलं काय बोलला तर थर्मास खाली राहिला रे, चहा होता त्यात. आम्ही हसलो इतके की दम लागून बसावं लागलं. नंतर रात्रभर तो एकटाच जागा होता. मला हे आता का आठवलं काय माहीत.

बेसवर ओपी बाबाला, आपल्या त्या राखणदार बाबाच्या मंदिरात, रिपोर्ट करून वर गेलास ना? खाली आल्यावरही करायचा असतो, विसरतात पोरं.

तात्या परवा पारावर विचारत होते पोरगा कुठाय सध्या. मी म्हटलं वर आहे. म्हणाले वर म्हणजे कुठं? म्हटलं बाप होता तिथं. एवढंच बोललो आणि लगेच उठलो, जास्त बोललो असतो तर आवाज बदलला असता. तुझी आई मात्र अजून म्हणते एका घरातनं दोघं कशाला. तिला उत्तर देत नाही मी.

तर आता काम. नोंद झाली पण डिस्चार्ज बुकावर चढवायला मूळ बुक मागितलंय. ते मी पोस्टाने पाठवणार नाही, बावीस वर्षं आहेत त्यात माझी. स्वतः बेळगावला जाऊन देतो आणि पोच घेऊन येतो. तुझी आईही येते म्हणते, एवढं लांब गेलोच तर सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाऊ, तुझ्यासाठी काहीतरी बोललीय तिथं, काय ते सांगत नाही. पीपीओची, पेन्शनच्या ऑर्डरची, झेरॉक्स तू कपाटात कुठल्या फायलीत ठेवलीस, निळ्या की हिरव्या, तेवढं कळव. धाकटीने दोन्ही उलथीपालथी केल्या, तिला मिळाली नाही. आणि एमआय रूमला गेलास की तारीख लिहून पाठव, नुसतं बरा आहे लिहू नको.

आप्पा