आरोग्यमंत्री साहेब, सांगोल्याच्या बाईचं ऑपरेशन अंतरावर ठरू नये

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरची. माझी मावशी सांगोला तालुक्यातली, डाळिंबाच्या बागेत रोजंदारीवर जाते. तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. गाठ लहान होती, पण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला रोज येणं जमेल का, आणि मावशी नाही म्हणाली. मग ते म्हणाले पूर्ण काढून टाकू, म्हणजे मोकळ्या. विषय तिथंच संपला. नुसती गाठ काढून स्तन वाचवता येतो हे तिला कोणी धड सांगितलंच नाही. आणि आमचं घर सोलापुरात असून तिनं आम्हाला विचारलं नाही, इतके दिवस कुणाच्या दारात राहायचं म्हणून. हे मला अजून लागतं.

साहेब, गाठ लवकर सापडली असेल तर गाठ काढून वर रेडिएशन घेतलं काय किंवा पूर्ण स्तन काढला काय, बाई जगण्यात फरक पडत नाही. अमेरिकेत आणि इटलीत बायकांवर वीस वर्षं लक्ष ठेवून हे २००२ सालीच छापून आलंय. गाठ मोठी असेल, दोन-तीन जागी असेल तर बऱ्याचदा काढावं लागतं, आणि काही बायका सगळं समजून स्वतःहून काढा म्हणतात, तो त्यांचा हक्क आहे. पण सेंटर लांब म्हणून काढायचं हे वेगळं. अमेरिकेतसुद्धा रेडिएशन सेंटरपासून लांब राहणाऱ्या बायकांचा स्तन जास्त वेळा काढला जातो असं दिसलंय, मग आपल्याकडं गावातून सांगोला आणि सांगोल्यातून सोलापूर ऐंशी-एक किलोमीटर जाणाऱ्या बाईचं काय होत असेल.

एवढं करून मावशीचा शेक सुटलाच नाही. काखेतल्या चार गाठींत कॅन्सर निघाला, त्यामुळं स्तन काढूनही रेडिएशन घ्यावंच लागलं, तीन आठवडे, आमच्याकडं राहून. ज्याच्या भीतीनं काढला तेच करावं लागलं. तिथं रांगेत अक्कलकोटकडची एक बाई रोज गावाहून यायची, मराठी जेमतेम, कन्नडच बोलायची, तिला कोणी काय समजावलं असेल देव जाणे.

२०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, फार बरं झालं. महात्मा फुले योजनेतून उपचारही होतात. पण बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचं राहणं-खाणं घरच्यांनाच बघावं लागतं. रेडिएशन सेंटरजवळ बाई आणि तिच्यासोबतच्या एका माणसाची राहायची सोय करा, इतकंच झालं तरी कितीतरी बायकांचा निर्णय बदलेल. ब्रिटनमध्ये २०२० साली दाखवलंय की निवडक पेशंटना एका आठवड्यात पाच वेळा शेक देऊन भागतं, ते आपल्याकडं कुणाकुणाला चालेल हे कॅन्सरच्या डॉक्टरांना बसवून ठरवा. ऑपरेशनच्या सहीआधी दोन्ही पर्याय मराठीत, कन्नडात, तेलुगूत सांगणं सक्तीचं करा, कारण आपल्या जिल्ह्यात या तिन्ही भाषा घराघरात आहेत.

आणि एक. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून आपल्या बार्शीत आहे, म्हणजे नोंदी ठेवायची सवय या मातीला आहे. कुठल्या तालुक्यातल्या किती बायकांचा स्तन काढला आणि कितींचा वाचवला, हे तालुकावार जाहीर करा. सांगोल्याचा आकडा मला बघायचाय.

आपली,
सोलापूरची एक भाची