दीड इंच माया

वाशी, नवी मुंबई
रविवार, दुपारचे तीन

प्रिय कुंदा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. पूर्ण वाच, मग चिडायचं तर चीड.

तर तुम्हाला घ्यायचाय तो ठाण्याच्या घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर थ्री बीएचके. खिडकीतून खाडी दिसते, खाली पोहण्याचा तलाव, आणि मुलं आली की प्रत्येकाला आपापली खोली. अगं, मुलं दिवाळीला चार दिवस येतात. उरलेलं वर्षभर त्या खोल्या झाडायच्या कुणी? तुझ्या कमरेनं?

एवढं बोलतेय ते आमच्या घरात गेल्या आठ महिन्यांत जे झालं त्यामुळे. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, हे तुला माहीत आहे. ऑपरेशन चांगलं झालं. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून तीन मजले वर चढवलं. त्यानंतर आई काही खाली उतरलेल्या नाहीत. घरी वॉकर आला आणि त्या दिवशी मला कळलं, की आमच्या बाथरूमचं दार दोन फुटांचं आहे. वॉकर आत जाईना. तेहतीस वर्षं त्या दारातून ये-जा केली, कधी माप घेतलं नव्हतं.

हे सिडकोचं घर घेतलं तेव्हा आम्ही तिशीतले. दारं कोण मोजतंय? १९९२ ला वाशीपर्यंत लोकल आली, पुलावरची बसची रखडपट्टी संपली, एवढ्यावर आम्ही खूश. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तर म्हटलं हवा छान येईल. त्या लोकलनेच माझी साडीही सोडवली. मानखुर्दला चढणाऱ्या बाईचा पाय माझ्या निऱ्यांवर पडला आणि निम्मी साडी तिथेच. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला पंजाबी ड्रेस. आई आठवडाभर काही बोलल्या नाहीत, फक्त डबा देताना ओढणीकडे बघायच्या.

आणि आता कपड्यांची पाळी त्यांच्यावर आली. पडल्यापासून खांदा धरलाय, हात वर जात नाही, हुकं बोटांना सापडत नाहीत. मी मॅक्सी आणल्या दोन. म्हणाल्या, "गाऊन घालून मी माणसांत बसणार नाही." विषय संपला. शेवटी कोपऱ्यावरच्या आमच्या शिंप्याला घरीच बोलावलं. त्याने जुने ब्लाउज उलटे करून पाहिले आणि खूश झाला. प्रत्येकाला शिवणीच्या आत दीड इंच माया, म्हणजे पुढे सैल करायला राखलेलं जास्तीचं कापड! म्हणाला, हल्ली कुणी ठेवूनच घेत नाही. आईंनी मात्र जन्मभर शिंप्याला बजावलं, "माया ठेव रे बाबा, अंग काय सारखं राहतं का?" त्याने काखेची आणि बाहीची शिवण उसवली, माया सोडली, हुकांच्या जागी वेल्क्रो लावलं. उसवल्या जागी मूळचा गडद हिरवा रंग पट्टीसारखा दिसतो, बाकी ब्लाउज विटलेला. आई त्या पट्टीवरून बोट फिरवत बसल्या होत्या.

साडीचं म्हणशील, तर इरकल कापून निऱ्या शिवून टाकल्या, कमरेला इलॅस्टिक. कात्री लावताना माझाच हात थबकला. आई म्हणाल्या, "काप गं. एक नाही का समीरच्या दुपट्यांना फाडली?" गंमत अशी, की त्याच महिन्यात माझ्या भाचीने लग्नाला शिवलेली नऊवारी घातली. तिला नेसता येत नाही म्हणून, ह्यांना नेसवत नाही म्हणून.

तेव्हापासून मला घरांतही माया दिसायला लागली आहे. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज आठवतं? तू आली होतीस तेव्हा रिक्षा चुकून तिथे गेलो होतो बघ. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी आखलेलं. ४५ ते ७५ चौरस मीटरचे प्लॉट, सात-सात घरं एका अंगणाभोवती, आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, म्हणजे पुढे ज्याला जसं जमेल तसं त्याने घर वाढवावं. लोकांनी वाढवलंच. कित्येक ठिकाणी मूळचं कौलारू घर आता ओळखू येत नाही, वर मजले चढलेत. जाणकार हळहळतात. मला नाही वाईट वाटत. माया उसवायलाच तर ठेवतात.

आमच्या फ्लॅटला तेवढी नाही, पण आतल्या भिंती विटांच्या, त्यामुळे गवंड्याने बाथरूमचं दार सहा इंच रुंद करून दिलं. तुझ्या टॉवरमध्ये हे आधी विचार. पुष्कळ नव्या इमारती मायवान पद्धतीने बांधतात, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात. त्या नंतर फोडता येत नाहीत. नाव मायवान आणि माया अजिबात नाही! शिवाय जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नकोस, रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, किती ते विचार. त्यात बाल्कनी धरत नाहीत.

एक कबूल करते. तिथे लिफ्ट आहे, आणि भावोजींचे गुडघे मी पाहिलेत. आमच्याकडे रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालूच आहेत. तरुणांना फूट जास्त हवेत, आम्हाला लिफ्ट. त्यामुळे नकोच घेऊ असं मी म्हणत नाही. दोन खोल्यांचं बघ, खालच्या मजल्यांवर, आणि स्टेशनला किंवा निदान दवाखान्याला रिक्षाने दहा मिनिटांत पोचता येईल असं. घोडबंदरची संध्याकाळची गर्दी तू अजून पाहिलेली नाहीस.

येत्या शनिवारी वाशीहून ठाणे लोकल पकडून मी तुझा तो सॅम्पल फ्लॅट बघून येते. पर्समध्ये टेप टाकलीय. बाथरूमच्या दाराचं माप त्याच दिवशी कळवीन.

आणि आमच्या शिंप्याकडून तुला ब्लाउज शिवून हवेत ना, तर मापाचा म्हणून आत्ता घालतेस तो पाठव. मागच्या वेळेसारखा लग्नातला नको.

तुझी,
विजू